पगाराची स्लिप नसलेल्या घराला कर्ज: बचत गट, पतसंस्था आणि दोन जामीनदार

मे २०२५ मधल्या वादळी पावसात आमच्या घराचे पत्रे उडाले आणि लाखभर रुपये उभे करायची वेळ आली. चांदवड तालुक्यातलं आमचं गाव. दोन एकर जमीन, तीही सासूबाईंच्या नावावर, दोन गायी आणि माझं शिलाईकाम. पगाराची स्लिप घरात कोणाकडेच नाही. अशा घराला कर्ज कोण देतं आणि कशाच्या भरवशावर देतं, ते पुढच्या दोन महिन्यांत कळत गेलं. गावातल्या आणि माहेरच्या बायका अजून विचारतात, "ताई, तुम्हाला कसं मिळालं?" म्हणून तारखा आणि आकडे यांसकट लिहून ठेवते.

मिस्त्रींनी हिशेब दिला तो असा: पत्रे आणि लोखंडी पाईप ६८,०००, भिंतीचा खचलेला वरचा थर १४,०००, मजुरी १८,०००. जवळ होते १५,०००, म्हणजे ८५,००० कमी. तलाठी येऊन पंचनामा करून गेले होते. पंचनामा प्रत्येकाने करून घ्यावा, फोटो काढून ठेवावेत. पण अंशतः पडझडीची सरकारी मदत काही हजारांची असते आणि ती मिळायला वेळ लागतो. तिच्या जिवावर मिस्त्रींना "या" म्हणता येत नाही. उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीत होता, पण त्या दिवसांत भाव क्विंटलला हजार-बाराशेच्या आसपास घुटमळत होता. एवढ्यात विकला तर खर्चही निघत नव्हता. माझा दागिना बियाण्याच्या वेळी आधीच तारण पडलेला.

सगळ्यात आधी तालुक्याच्या बँकेत गेलो. पर्सनल लोनसाठी पगाराचं खातं किंवा इन्कम टॅक्सचे रिटर्न लागतात, ते नसतील तर सोनं आणा, असं साहेबांनी सांगितलं. बोलले नीट, पण विषय तिथेच संपला. गावच्या विकास सोसायटीत सचिवांनी सांगितलं की सोसायटीकडून मिळतं ते पीककर्ज, घराच्या छपरासाठी नाही. तरी तिथली फेरी कामाची ठरली, कारण थकबाकी नसल्याचा दाखला पुढे लागतो हे तिथेच कळलं. सासूबाईंचं पीककर्ज वेळेवर नवंजुनं केलेलं, म्हणजे जुनं फेडून नवं घेतलेलं होतं, त्यामुळे तो लगेच मिळाला.

तेवढ्यात एका ओळखीच्या माणसाचा निरोप आला. पैसे उद्या देतो, शेकडा तीन. महिन्याला तीन टक्के म्हणजे वर्षाला छत्तीस. ८५,००० ला महिन्याचे २,५५० नुसतं व्याज, वर्षाचे ३०,६००, आणि मुद्दल जसंच्या तसं उभं. वर दहा गुंठ्यांचं "नावापुरतं" खरेदीखत. पैसे फिटले की उलटून देतो म्हणाला. पावसाळा तोंडावर आला होता, ताडपत्रीखाली झोपत होतो. ह्यांचं मन डळमळलं. सासूबाई मात्र एकच वाक्य बोलल्या, "मी आहे तोवर त्या कागदाला माझा अंगठा लागायचा नाही." विषय संपला.

ज्यांच्या घरात सासूबाईंसारखं कोणी नाही त्यांच्यासाठी हे नीट सांगते. खाजगी सावकारी करायला परवाना लागतो. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली व्याजाचे दर सरकारने ठरवून दिले आहेत: शेतकऱ्याला तारण घेऊन दिलेल्या कर्जावर वर्षाला ९ टक्के, विनातारण १२ टक्के. शेतकरी नसलेल्यांना तारणी १५ आणि विनातारण १८. हे दर वर्षाचे आहेत, महिन्याचे नाहीत. एकूण व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही, आणि पावती द्यावीच लागते. परवाना आहे की नाही हे तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात विचारता येतं, तक्रारही तिथेच होते. खरेदीखत हे खरेदीखतच असतं. दुय्यम निबंधकासमोर सही झाली की कागदावर जमीन गेली, तोंडी बोलण्याला तिथे जागा नाही. अशी गेलेली जमीन परत मिळवण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे, पण ती वर्षानुवर्षांची लढाई असते. आमच्या शिवारात असे बांध मी पाहिलेत, म्हणून जीव तोडून सांगते.

महिन्याच्या शेवटी एका खाजगी फायनान्सवाल्या मुलाने दारात येऊन फॉर्म दाखवला. कागद कमी, पैसे आठवड्यात, पाच-सहा बायकांनी एकमेकींची हमी घ्यायची आणि हप्ता दर पंधरवड्याला. या कंपन्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांत चालतात, त्यांना सावकार म्हणणं बरोबर नाही. नियमही ग्राहकाच्या बाजूचे आहेत: अशा कर्जाला तारण घेता येत नाही, घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत, मुदतीआधी फेडलं तर दंड नाही, आणि वसुलीला सकाळी ९ च्या आधी किंवा संध्याकाळी ६ नंतर येता येत नाही. मी तरी नाही म्हटलं, कारण व्याज चोवीस टक्क्यांच्या घरात होतं आणि शेजारच्या घरी अशी तीन कर्जं एकमेकांचे हप्ते भरायला घेतलेली मला माहीत होती.

मग राहिला आमचा गट. आम्ही बाराजणी, बचत गटांच्या सरकारी उमेद अभियानात २०१९ पासून, महिन्याला प्रत्येकी २०० रुपये बचत. बैठक दर महिन्याच्या पाच तारखेला, मारुतीच्या मंदिराच्या सभामंडपात. ५ जून २०२५ ची बैठक मला कायम लक्षात राहील. सतरंजीवर लोखंडी पेटी उघडली, कोषाध्यक्ष ताईंनी जमा झालेल्या नोटा पाचशेच्या, दोनशेच्या, शंभरच्या अशा वेगळ्या लावल्या, सचिवांनी मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचलं. मग कर्जमागणी. माझ्या आधी दोघींनी मागितलं होतं. एकीची गाय कासदाहाने बसली होती, तिला डॉक्टरांचे आणि औषधाचे सहा हजार हवे होते. दुसरीला मुलाच्या अकरावीसाठी आठ हजार. मला चाळीस हवे होते.

सगळ्यांना पुरेल इतके पैसे खात्यात नव्हते. सीआरपी ताईंनी, म्हणजे उमेदकडून गटांना मदत करणाऱ्या ताईंनी, कोणाच्या बाजूने बोलायचं टाळलं, फक्त वही पुढे केली: कोणाची बचत किती, आधीचं कर्ज कसं फेडलं, हजेरी किती. मग एकेकीने आपापलं सांगितलं. गायीवाली म्हणाली, "माझं आधी द्या, दूध आटलं तर मी हप्ता कुठून भरू?" सगळ्यांना ते पटलं, मलाही. शेवटी ठरलं की तिला पूर्ण सहा, मुलाच्या प्रवेशाला पूर्ण आठ, आणि मला तीस. दहा कमी झाले तरी मला राग आला नाही, कारण सगळं माझ्यासमोर, आकडे मोठ्याने वाचून झालं होतं. ठराव लिहिला, सगळ्यांच्या सह्या झाल्या, एका मावशींनी अंगठा दिला. त्यानंतर अध्यक्ष आणि कोषाध्यक्ष माझ्याबरोबर बँकेत आल्या, त्यांच्या सह्यांनी पैसे माझ्या खात्यात आले. खर्च शून्य, कागद एक अर्ज.

गटाचं व्याज महिन्याला दीड टक्का, उरलेल्या रकमेवर. बारा हप्ते धरले: दर महिन्याला २,५०० मुद्दल, पहिल्या महिन्यात ४५० व्याज, मग ते दर महिन्याला ३७ रुपये ५० पैशांनी कमी होत जातं. वर्षाचं एकूण व्याज २,९२५. शिवाय हे व्याज गटाच्याच निधीत जमा होतं, म्हणजे त्यात माझाही वाटा आहे.

बँकेचं गटकर्ज अजून स्वस्त पडतं. उमेदच्या गटांना तीन लाखांपर्यंत वर्षाला ७ टक्क्यांनी मिळतं आणि त्याला तारण लागत नाही. पण त्यासाठी गट सहा महिने नियमित चाललेला हवा, सूक्ष्म पतपुरवठा आराखडा (कोणाला कशासाठी किती कर्ज हवं याचं नियोजन) हवा, बँक गटाच्या वह्या तपासते. आमच्या गटाचं आधीचं बँककर्ज चालू होतं, त्यामुळे यंदा तो रस्ता बंद होता. गट नसेल तर आज काढा. गरज दारात आल्यावर काढलेल्या गटाचा त्या वर्षी काही उपयोग होत नाही.

तीस हजारांत आम्ही पाईप आणि निम्मे पत्रे आणले, सासूबाईंची आणि मुलांची खोली आधी झाकली. उरले ५५,०००. कापून हातात कमी येतात म्हणून ६०,००० मागायला बाजारच्या गावी एका ग्रामीण बिगरशेती पतसंस्थेत गेले. काउंटरवरच्या ताईंनी आधी विचारलं, "पगारदार जामीन आहे का?" हा प्रश्न तुम्हालाही पहिलाच येईल, तयारीने जा. दोन जामीनदार, त्यांतला एक पगारदार. बाकी कागद: आधार, पॅन, रेशनकार्ड, लाईट बिल, बँक पासबुकाची झेरॉक्स, दोन फोटो, सासूबाईंचा सातबारा आणि ८अ (जमिनीचा खातेउतारा), सोसायटीचा दाखला, सिबिल रिपोर्ट (आधीच्या कर्जफेडीची नोंद). सातबाऱ्यासाठी तलाठ्यांकडे जायची गरज नाही. डिजिटल सहीचा उतारा महाभूमीच्या पोर्टलवर १५ रुपयांत मिळतो आणि तो चालतो. सिबिलसाठी कोणाला पैसे देऊ नका, वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो.

माझी अडचण निघाली ती नावाची. पॅनवर माहेरचं आडनाव, आधारवर सासरचं. अशा वेळी विवाह नोंदणीचा दाखला कामाला येतो. आमची नोंदणी ग्रामपंचायतीत झालेली होती, ग्रामसेवकांकडून दाखल्याची प्रत घेतली आणि ते मिटलं. ज्यांची नोंदणी झालेली नाही त्यांनी कर्ज असो नसो, ती करून घ्यावी.

व्याजाचं बोलणं इथे जरा सविस्तर लिहिते, कारण बायका इथेच फसतात. त्याच बाजारपेठेत दुसऱ्या एका ठिकाणी मला १२ टक्के सांगितले होते, इथे १४. ऐकायला बारा स्वस्त. मी दोन्हीकडे एकच विचारलं: साठ हजार घेतले तर दोन वर्षांत एकूण किती भरायचे? बारावाल्यांनी व्याज पहिल्या दिवसाच्या पूर्ण रकमेवर धरलं होतं, शेवटपर्यंत. हप्ता ३,१००, एकूण ७४,४००. चौदावाल्यांनी घटत्या शिलकेवर. हप्ता २,८८१, एकूण साधारण ६९,१४०. चौदा टक्क्यांचं कर्ज पाच हजारांनी स्वस्त निघालं. टक्का विचाराच, पण हप्ता किती, हप्ते किती आणि गुणाकार किती हेही विचारा, आणि ते कागदावर लिहून मागा. काउंटरवरच्या ताईंनी हप्त्यांचा तक्ता न कुरकुरता छापून दिला.

हातात मात्र पूर्ण साठ येत नाहीत. पाच टक्के, म्हणजे ३,०००, शेअर म्हणून कापले जातात. ते आपल्याच नावावर राहतात, पण कर्ज फिटेपर्यंत अडकतात. प्रोसेसिंग ६००. खात्यात आले ५६,४००. त्याशिवाय फॉर्मचे १०० आणि स्टॅम्प पेपर ५०० चा. पूर्वी शंभराच्या स्टॅम्पवर होणारी कामं २०२४ च्या ऑक्टोबरपासून पाचशेवर गेली आहेत, तेव्हा बजेट धरताना हे विसरू नका.

जामीनदारांचं मी सगळ्यात शेवटी लिहिणार होते, पण खरं ओझं तेच आहे. माझा मावसभाऊ येवल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. रविवारी आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो. चहा झाला, मी विषय काढला, दादा गप्प बसला. वहिनींनीच विचारलं, "ताई, रागावू नका, पण उद्या हप्ता थकला तर ह्यांच्या पगारातून कापतील का?"

मी म्हटलं, "हो वहिनी, कापू शकतात." सहकार कायद्यातल्या कलम १०१ खाली संस्थेला वसुली दाखला मिळतो आणि तो कर्जदाराइतकाच जामीनदारालाही लागू होतो. हे मी पतसंस्थेत आधीच विचारून घेतलं होतं, कारण अर्धवट सांगून सही घेणं मला जमलं नसतं. मग पिशवीतून हप्त्याचा तक्ता काढला आणि डेअरीचं पुस्तक काढलं. दुधाचा पगार दर दहा दिवसांनी जमा होतो, त्याच्या वर्षभराच्या नोंदी होत्या. वहिनींनी चष्मा लावून एकेक पान उलटलं. मार्च-एप्रिलमध्ये दूध का कमी झालं, विचारलं. वैरणीचा खर्च विचारला. गटाचा हप्ता धरून महिन्याला किती जातील, विचारलं. पहिल्या महिन्यात जवळपास सहा हजार, मी सांगितलं. शिलाईचं जूनमध्ये गणवेशामुळे बरं असतं, श्रावणानंतर सणांचं असतं, मध्ये मंदी असते, तेही सांगितलं. तासभर तरी गेला असेल. कोणत्याही कार्यालयात माझी इतकी बारकाईने चौकशी झाली नाही, आणि ती व्हायलाच हवी होती.

शेवटी दादा म्हणाला, "सही करतो. हप्ता भरला की पावतीचा फोटो मला टाकायचा. दर महिन्याला, मी न मागता." तेव्हापासून तो फोटो जातोच. दुसरे जामीनदार माझे चुलत दीर. त्यांना काही समजवावं लागलं नाही, कारण दोन वर्षांपूर्वी त्यांच्या कर्जाला हे जामीन होते. ते कर्ज फिटलेलं होतं म्हणून बरं झालं. कोण कोणाला जामीन आहे हेही संस्था पाहते.

१२ जूनला अर्ज दिला. कर्ज समितीची बैठक २७ जूनला होती, तोवर थांबण्याखेरीज काही करता येत नाही. त्या पंधरवड्यात पाऊस चांगलाच लागला. स्वयंपाकघरावर ताडपत्री होती, दोरी ढिली झाली की मध्ये पाणी साचून फुगा यायचा आणि हे रात्री उठून काठीने तो वर ढकलायचे. मुलांची पुस्तकं गव्हाच्या कोठीत ठेवली होती. फोन करून विचारायची फार इच्छा व्हायची. एकदा केला, तेव्हा समजलं की एका जामीनदाराचा फोटो लावायचा राहिलाय. म्हणजे अर्ज दिल्यावर दोन-चार दिवसांनी एक फोन करावाच, नाहीतर एवढ्याशा कारणाने अर्ज पुढच्या बैठकीवर गेला असता.

२ जुलैला सह्या झाल्या. वचनचिठ्ठी, कर्जरोखा, जामीनपत्र. सगळे कागद वाचायला मागितले, मराठीतच होते. दोन चेक मागितले ते कोरे होते. मी संस्थेचं नाव त्यावर तिथेच लिहिलं आणि चेकचे नंबर माझ्या वहीत उतरवून ताईंची सही घेतली. त्यांनी हरकत घेतली नाही. त्याच वेळी पिग्मी, म्हणजे रोजची छोटी ठेव, सुरू करायला सांगितलं, रोज ५० रुपये. हप्ता जमवायला पिग्मीचा उपयोग होतो म्हणून मी ती घेतली. मात्र बँकेतल्या ठेवीला जसं पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं तसं पतसंस्थेतल्या ठेवीला नसतं. त्यामुळे तिथे हप्त्यापुरतेच पैसे ठेवते, साठा नाही.

उघडीप पाहून ९ जुलैपर्यंत छप्पर पूर्ण झालं. पंचनाम्याची मदत नंतर आली, तिच्यातून न्हाणीघराचं दार बसवलं.

पतसंस्थेचे हप्ते ऑगस्टपासून सुरू झाले. कर्ज कांद्याच्या भरवशावर घेतलं नाही हे किती बरं झालं ते पुढे कळलं. भाव वाढेल म्हणून गावाने कांदा चाळीत धरून ठेवला, तो दिवाळीपर्यंत काही वाढला नाही आणि निम्मा सडला. आमचाही सडला. हप्ता दुधावर आणि मशीनवर बांधलेला असल्याने तो चालू राहिला. फक्त ऑक्टोबरमध्ये एक गाय आटली आणि पतसंस्थेचा हप्ता वेळेवर होईना. तारखेच्या चार दिवस आधी जाऊन मॅनेजरसाहेबांना सांगितलं, दादालाही फोन केला. आठ दिवसांनी भरला, थोडं दंडव्याज लागलं. आधी सांगितलं की लोक समजून घेतात. फोन उचलणं बंद केलं की पहिली नोटीस जामीनदाराच्या दारात जाते.

गटाचा शेवटचा हप्ता जून २०२६ मध्ये आहे, पतसंस्थेचा जुलै २०२७ मध्ये. तो भरल्यावर तिथून काय काय परत घ्यायचं हे वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलंय: कर्ज फिटल्याचा दाखला, दोन्ही चेक नंबर ताडून, वचनचिठ्ठी रद्द केल्याचा शिक्का मारून, आणि शेअरच्या ३,००० साठी अर्ज. दाखल्याच्या दोन झेरॉक्स जास्तीच्या काढायच्या आहेत, एक दादाला आणि एक भाऊजींना.